हिचा हात पुरत न्हाई

सासूबाई,

तुम्ही जिथं प्राण सोडला तिथं आम्ही ज्वारीचं पीठ पसरलं, त्यात पणती ठेवली आणि वर दुरडी झाकली. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते सकाळी पिठावरच्या पावलावरून कळतं, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. पणतीवरून आधी बायकांत वाद झाला. एकीचं म्हणणं, खोलीत बिजलीचा दिवा आहे तर पणती कशाला. दुसरीचं म्हणणं, बिजलीच्या उजेडात गेलेल्या माणसाला वाट सापडत नाही. तुम्ही असता तर दोघींनाही एका नजरेत गप्प केलं असतं. मी पणतीच लावली. त्या खोलीतल्या बिजलीच्या दिव्यावर आपल्या दोघींचाही भरवसा नव्हता, तुमचा तुमच्या कारणानं आणि माझा माझ्या.

सकाळी दुरडी उचलली. पीठ जसंच्या तसं होतं. पाखराचं पाऊल नाही, मुंगीची रेघसुद्धा नाही. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. "कुठंच गेल्या न्हाईत म्हनायच्या," एक जण म्हणाली आणि पदर सावरत चुलीकडे निघून गेली. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीतीच्या आधी हसू आलं. 'मला ह्या घरातून हलवायचं न्हाई' असं तुम्ही आजारपणात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, आणि तुमचा शब्द कधी कुणाला मोडता आला आहे?

आज तुमचा दहावा झाला. दुपार आहे, घरात सगळे लवंडलेत. तुम्ही मला 'लिव्हणारी' म्हणून चिडवायचात. शिरूरच्या पंतोजीची लेक केली हीच चूक झाली, लिहून कुठं भाकरी फुगती का, असं म्हणायचात. आज हटकायला कुणी नाही, म्हणून लिहायला बसले आहे. आपलं भांडण अर्धंच राहिलंय.

ह्या घरात आले तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांची असेन. तुमचे चिरंजीव गेवराईच्या जिनिंगमध्ये तेलाचं इंजिन चालवायचे. मालकानं इंजिनावर डायनामो बसवला होता, त्याच्यावर जिनिंगचे दिवे लागत आणि इंजिनवाल्याचं घर आवारातच म्हणून आपल्या घरातही तीन लागत. ओसरीत एक, चुलीपाशी एक, मधल्या खोलीत एक. सरकी-कापसाचा हंगाम असला की दिवेलागणीला इंजिनाचा ठोका सुरू व्हायचा आणि आपण बटण दाबायचं. निजामाच्या अख्ख्या मुलखात असं सुख कुणाला आहे, असं माझ्या वडिलांनी माझी समजूत घालताना सांगितलं होतं. मुलगी दुसरेपणावर देताना बाप काहीतरी सांगणारच.

उंबरठा ओलांडून तुमच्या पाया पडले आणि आमच्याकडे सगळ्याच सुना म्हणतात तसं म्हटलं, "आत्या, पाया पडते." तुम्ही पाय मागं घेतलेत. "मला आत्या म्हनू नगं," तुम्ही म्हणालात. "मला आत्या म्हननारी गेली."

मग कळलं, की तुमच्या मुलाची पहिली बायको अनसा तुमच्या सख्ख्या भावाची लेक होती. आई लहानपणीच गेली म्हणून तुम्ही तिला इथं आणून वाढवली आणि मोठी झाल्यावर सून करून घेतली. ती खरीच तुमची भाची, आणि तुम्ही तिच्या खऱ्याच आत्या. मी उपरी. त्या दिवसापासून मी तुम्हाला सासूबाई म्हणायला लागले. घरात हाक मारायला तो शब्द फार परका वाटतो, पण तुमच्या हट्टापुढं माझाही हट्ट काही कमी नव्हता. तुम्ही म्हणू नको म्हणालात ना, मग जन्मात म्हणणार नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

अनसा मधल्या खोलीत तापानं गेली. त्या संध्याकाळी इंजिनाचा पट्टा तुटला होता. तिला अंधाराची लई भीती. "आत्या, दिवा लाव" म्हणत होती, तुम्ही बटण दाबत होता आणि दिवा लागत नव्हता. तुम्ही चुलीतून काडी पेटवून चिमणी लावून आणेपर्यंत ती गेली होती. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, फार वर्षांनी, तांदूळ निवडताना, मान वर न करता. त्यानंतर घरात कुणी 'दिवा गेला' म्हटलं की तुमचा चेहरा का उतरतो ते मला समजलं. आपल्या बोलण्यात दिवाही जातो आणि माणूसही जातं.

मला ती मधली खोली दिली होती. दिवा भिंतीवरच्या लाकडी ठोकळ्यातून पुढं आलेल्या पितळी दांड्याला होता, बटण त्याच्या शेजारी, आणि ठोकळ्याच्या खाली भिंतीत एक जुनी खुंटी. खुंटीवर अनसाचं लुगडं घडी करून टांगलेलं. ते काढायचं नाही, धुवायचं नाही, त्या भिंतीला पोतारा द्यायचा नाही, असं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंत. बटण तिनं स्वतः उभं राहून आपल्या हाताच्या अंदाजानं लावून घेतलं होतं. अनसा तुमच्या माहेरच्या उंचीची, तुमच्यासारखीच शेलाटी. मी ही अशी बुटकी. माझा हात बटणापर्यंत पोचायचा नाही. मी डाव्या हातानं लुगड्यासकट खुंटी धरायची, टाचा उचलायची आणि उजव्या हाताच्या बोटानं बटण गाठायची.

पहिल्या संध्याकाळी दाबलं आणि ठोकळ्याच्या आत निळसर काहीतरी चमकलं. काही जळल्याचा वास आला, आणि ओसरी, चूल, मधली खोली, सगळं घर एकदम काळंठिक्कर झालं. अंधारात तुमचा आवाज आला, "कोनी दाबलं?"

मी म्हटलं, "मी."

तुमचा श्वास मला ऐकू येत होता, आणि तो घाबरलेल्या माणसाचा नव्हता. हे मला तेव्हा कळलं नाही, मागाहून कळलं.

जिनिंगचे मिस्त्री उस्मानचाचा आले. ओसरीतल्या पाटीवर चिनी मातीच्या खोबणीत एक बारीक तार असते, वीज वाजवीपेक्षा जास्त धावली की ती जळते आणि सगळं बंद पडतं. तिला ते फ्यूज म्हणायचे. त्यांनी नवी तार बांधली, दिवे लागले. दुसऱ्या दिवशी मी दाबलं, पुन्हा गेले. तुमचे चिरंजीव म्हणाले जाड तार बांधा म्हणजे जळणारच नाही. चाचांनी कानाला हात लावले. म्हणाले, तार जळती म्हून घर ऱ्हातं, तार न्हाई जळली तर घर जळंल. मग त्यांनी काचेचा गोळा बदलला, गोळ्याची पितळी वाटी उघडून पाहिली, बटण खोलून आतून पुसलं. ओसरीतला आणि चुलीपाशीचा दिवा नीट लागतो, बटण दाबेपर्यंत सगळं ठीक असतं, म्हणजे खोट ह्याच खोलीत आहे आणि बटणाच्या पुढं आहे, इथवर त्यांनी आणून सोडलं. राहिला होता फक्त तो लाकडी ठोकळा. तो ते उघडायला गेले तर तुम्ही आडव्या झालात. "त्या भिताडाला हात लावायचा न्हाई." चाचांना वाटलं, लुगड्याचं सोवळं असेल. ते मागं सरले.

मग चाचांनी सांगितलं, एकेकानं बटण दाबून दाखवा. त्यांनी दाबलं, दिवा लागला. तुमच्या मुलानं दाबलं, लागला. तुम्ही दाबलंत, लागला. मी दाबलं आणि अंधार.

पुन्हा तार बांधली, पुन्हा तसंच. बाहेर इंजिनाचा ठोका तसाच चालू होता. चाचांनी आपली हत्यारं गोळा केली, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले आणि दारात थांबून म्हणाले, "बाई, ये मेरे हात का काम न्हाई." चांगला दांडगा माणूस, पण माझ्याकडे न बघता गेला.

त्यानंतर काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. आवारातल्या बायका आपल्या घरात यायच्या बंद झाल्या. अनसा जागा सोडत नाही, नव्या नवरीला दिवा लावू देत नाही, असं झालं. माझ्या आईचा निरोप आला, लेकीच्या गळ्यात सवतीचा टाक का घातला नाही? दुसरेपणावर दिलेल्या मुलीला पहिलीच्या आकृतीचा चांदीचा टाक घालायचा असतो, गेलेलीला तिचा मान मिळतो आणि मग ती त्रास देत नाही, हे तर सगळ्यांना माहीत आहे. मी तुम्हाला विचारलं. "सोनारानं अजून केला न्हाई," तुम्ही म्हणालात. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. इतके दिवस तो सोनार कसला टाक घडवत होता कोण जाणे.

रात्री मला झोप लागायची नाही. खुंटीवरचं लुगडं वाऱ्यानं हलायचं आणि मी भिंतीकडे पाठ करून पडायची. कधी वाटायचं, ही बाई माझ्यावर रागावली आहे. कधी वाटायचं, मी हिचं काय घेतलंय? नवरा घेतला म्हणावा तर तो संध्याकाळभर इंजिनापाशी असायचा, आणि घरी आला की तोही त्याच भिंतीकडे बघत जेवायचा.

एक दिवस तुम्ही निर्णय सांगितलात. संक्रांतीला मला माहेरी पाठवायचं. नव्या सुनेला संक्रांतीला पाठवतातच, त्यात काही नाही. पण तुमच्या मुलानं विचारलं, परत कधी आणायचं, आणि तुम्ही उठून चुलीकडे गेलात. मला समजायचं ते समजलं. टाकून दिलेल्या लेकीचं बापाच्या घरात काय होतं ते मी आमच्या आळीत पाहिलं होतं. ती चूल फुंकते, दुसऱ्यांची पोरं खेळवते आणि कुंकू लावताना तिला आरसा कुणी देत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी भाकरी करताना तवा कलंडला आणि माझा डावा हात चांगलाच भाजला. तुम्ही धावत येऊन कोरफड लावलीत, चिंधी बांधलीत. हात तुमचा हलका होता, हे मी तेव्हाही मनात मान्य केलं. पण तोंडानं म्हणालात, "बघ, जाताजाताबी सुखानं जाऊ देत न्हाई ती तुला." हे ऐकून माझं डोकं फिरलं. संध्याकाळी ठोका सुरू झाला तशी मी उठले. मला त्या बटणाला हात लावायची बंदी होती. म्हटलं, उद्या जायचंच आहे तर आज तुमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लावून जाते. अंधार झाला तर झाला, नाहीतरी माझ्या नशिबात तोच आहे.

तुमच्या मुलानं इंजिनाजवळ दुसरा माणूस उभा केला आणि ते चाचांना घेऊन आले. तुम्ही दारात उभ्या राहिलात. डाव्या हाताला चिंधी, खुंटी धरता येईना. म्हणून मी धान्य मोजायची लाकडी पायली आणून पालथी घातली, तिच्यावर चढले, उजवा हात वर केला आणि दाबलं.

दिवा लागला.

मी पायलीवर तशीच उभी. काचेत तो पिवळा धागा नुसता जळत होता, शांत, जसं काही झालंच नव्हतं. खोलीत मी पहिल्यांदा माझ्या हातानं उजेड केला होता. मला रडू आलं आणि रडता रडता राग आला. रोज काय करत होते आणि आज काय केलं नाही? रोज तोच हात, तेच बोट, तेच बटण. मग माझी नजर चिंधीकडे गेली, आणि तिथून खुंटीकडे.

मी खाली उतरले, भाजलेल्याच हातानं लुगड्यासकट खुंटी धरली आणि सगळा भार टाकून खाली ओढली. ठोकळ्यात चमक, तोच वास, आणि घर काळंठिक्कर.

त्या अंधारात चाचा पहिल्यांदा मोकळं हसले. "खुंटी, बाई," ते म्हणाले. "भूत न्हाई, खुंटी हाय."

ह्या वेळी तुम्ही आडव्या झाला नाहीत. कंदिलाच्या उजेडात चाचांनी लुगडं खाली उतरवलं, तर खुंटीच्या बुडाशी चांदीच्या साखळीचा एक वेढा होता. साखळी भिंतीच्या फटीतून वर ठोकळ्यामागं गेली होती. चाचांनी ठोकळ्याचे स्क्रू काढले. आत दोन उघड्या तारांच्या मध्ये साखळी लोंबत होती, काळी पडलेली, मधल्या कड्या वितळून एकमेकींत रुतलेल्या. जुनी खुंटी मातीच्या भिंतीत सैल झाली होती. मी भार टाकला की ती दबायची, साखळी ताणायची आणि दोन्ही तारांना एकदम शिवायची. आणि साखळीच्या वरच्या टोकाला, दिव्याच्या अगदी पाठीशी, एक टाक होता. बाईची आकृती, उंच, शेलाटी.

तुमच्या मुलानं तो हातात घेतला. "सोनारानं केला न्हाई म्हनलात ना तुमी?"

तुम्ही खाली बसलात. मग म्हणालात, "अंधारात गेली ती. म्हनलं, उजेडाजवळ ऱ्हाऊ दे." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "हिच्या गळ्यात घातला आसता, तर ती मेली आसं झालं आसतं."

मला तुमच्यावर रागवायचं होतं. हंगाम अर्धा संपला होता, माझी पेटी बांधून दारात ठेवली होती. पण तुम्ही तो काळा टाक पदरानं पुसत होता, पुन्हा पुन्हा, जसं ताप आलेल्या पोराचं कपाळ पुसावं, आणि माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना.

सकाळी उठले तर तुम्ही टाक चिंचेनं घासून लख्ख केला होता. अंघोळ करून मी समोर आले तशी तुम्ही तो माझ्या गळ्यात घातलात. सोनाराकडून साखळी सरळ करून घेतली नाहीत. त्या रुतलेल्या कड्या अजून माझ्या मानेला टोचतात. माफीचा शब्द तुमच्या तोंडून निघाला नाही. मी वाट पाहिली, संक्रांतीपर्यंत, मग होळीपर्यंत. पेटी मात्र त्याच दिवशी तुम्ही स्वतः उचलून आत नेलीत. आणि उस्मानचाचांना बोलावून, अनसानं लावून घेतलेल्या बटणाकडे बोट करून म्हणालात, "हे बटन खाली घ्या. हिचा हात पुरत न्हाई."

चाचांनी बटण माझ्या खांद्याच्या उंचीवर आणलं. वरच्या भोकात तुम्ही ओली माती भरलीत आणि बोटांनी दाबून सारखी केलीत. तुमची बोटं त्या मातीत उमटली आहेत. पुढं ती भिंत कितीदा पोतारली, पण तेवढी जागा मी सोडून देते.

तुम्हाला वाटत असेल, तुम्ही माफी मागितली नाहीत हे मी धरून बसले आहे. नाही. मी दुसरंच धरून बसले आहे. आपलं भांडण त्यानंतर सुरू झालं आणि ते तुमच्या शेवटच्या आजारपणापर्यंत चाललं. मी म्हणायची, बघा, साखळी होती, भूतबित काही नव्हतं. तुम्ही म्हणायचात, "साखळी मी ठिवली, पर वढली कोनी?" मी म्हणायची, मीच ओढली. "कावून वढली?" हात पुरत नव्हता म्हणून. "मंग बटन तेवढं वर कोनी लावून घेतलं?" एवढं विचारून तुम्ही पुन्हा तांदूळ निवडायला लागायचात. ती उंच होती म्हणून वर लावलं, एवढंसं त्याचं उत्तर. पण ते उत्तर दिलं की तुमचा चेहरा असा व्हायचा, की पुढं बोलवत नसे.

पहिल्या वर्षी मला वाटायचं, आता तुम्ही सुखानं त्या खोलीत बसाल, दिवा तर रोज लागतोय. तुम्ही बसायचातही. दिवेलागणीला भिंतीसमोर पाट टाकून, हात मांडीवर ठेवून, दिव्याकडे एकटक बघत. मी समजायची, देवाचं काही म्हणताय. एकदा दूध घेऊन आले तर तुम्ही रडत होता. विचारलं तर म्हणालात, "कायबी न्हाई. बराबर जळतोय."

तेव्हा मला कळलं. दिवा जायचा तेव्हा तुम्हाला वाटायचं अनसा आली. घरभर अंधार व्हायचा आणि तुम्ही दारात उभ्या राहून वाट बघायचात. पहिल्या संध्याकाळचा तुमचा तो श्वास घाबरलेला नव्हता. दिवा दुरुस्त झाला आणि तुमची भाची दुसऱ्यांदा गेली, ह्या वेळी माझ्या हातानं. ठोकळा उघडू न देण्यामागं टाक सापडेल ही भीती होती, की ती यायची थांबेल ही? हे मला तुम्हाला विचारायचं होतं. रोज विचारू म्हणायची. तुम्ही मला घरात ठेवून घेतलंत ह्याची किंमत तुम्हाला काय पडली, ते मला त्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही मी तुमच्याशी साखळीवरून भांडत राहिले. दुसरं बोलायला आपल्यात काय होतं? भांडणातच आपला जीव रमायचा.

आता त्या संध्याकाळचं सांगते. तुम्हाला ठाऊकच असेल, पण माझ्या बाजूनं ऐका.

तुमचं अंथरूण तुम्ही मधल्या खोलीतच घालायला लावलं होतं. दोन दिवस तुम्ही ओळखत नव्हता. बाहेर ठोका सुरू झाला. मी बटणाकडे गेले, माझ्या खांद्याच्या उंचीच्या. खुंटीला हात लावला नाही, ती आता नुसती भिंतीत आहे, तिच्यावर काही टांगत नाही. दाबलं. दिवा लागला, क्षणभर जळला आणि घरभर अंधार झाला.

इतक्या वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. जळल्याचा वास नव्हता, चमक नव्हती. आणि तुमचा आवाज आला, दोन दिवसांत पहिल्यांदा, स्वच्छ, तरण्या बाईसारखा.

"अनसे, आलीस का गं?"

मी काय करायला हवं होतं? मी म्हणायला हवं होतं, सासूबाई, मी कौसा, फ्यूज गेलाय, कंदील आणते. मी म्हटलं, "आले, आत्या."

तो शब्द माझ्या तोंडून त्या पहिल्या दिवसानंतर तेव्हाच निघाला. मी चाचपडत तुमच्याजवळ बसले, तुमचा हात हातात घेतला. तुम्ही काही बोलला नाहीत, माझी बोटं दाबलीत फक्त. तुमचे चिरंजीव ओसरीतून कंदील घेऊन आले तेव्हा तुमचे डोळे उघडे होते आणि तुम्ही गेला होता. तुमच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उस्मानचाचा आले. आता त्यांना नीट दिसत नाही, मुलगा हाताशी असतो. त्यांनी ठोकळा उघडला, बटण उघडलं, वाटी उघडली, प्रत्येक तार बोटांनी चाचपली. कुठंच काही नाही. ओसरीतल्या पाटीतली जळकी तार त्यांनी तळव्यावर घेतली आणि म्हणाले, "तार बुढी झालती, बाई. बुढी तार कवा ना कवा जातीच." मी विचारलं, त्याच घडीला का? त्यांनी ती तार बोटांत फिरवली. मग म्हणाले, "कोन्त्यातरी घडीला तर जायचीच ना." नवी तार बांधली, दिवा लागला. त्यानंतर गेला नाही.

एवढंच असतं तर मी मानलं असतं. पण काल तुमचे चिरंजीव जेवताना म्हणाले, आई शेवटी बोलत होती हे बरं झालं, तुमच्या दोघींचं बोलणं मला ओसरीत ऐकू येत होतं. मी विचारलं, काय ऐकू आलं? म्हणाले, शब्द नाही कळले, पण दोघी बोलत होता, बराच वेळ, मधेच हसलातही. मी त्यांना सांगितलं नाही, की तुम्ही एकदाच बोललात आणि मी एकदाच. हसलो तर कुणीच नाही.

तेव्हा भांडण तुम्ही जिंकलात, असं लिहून देऊ का? लिहून दिलं तरी तुम्ही म्हणाल, लिहून काय व्हतंय. पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या अंधारात तुम्ही बोटं दाबलीत, माझ्या डाव्या हाताची. तवा कलंडला तेव्हाचा वण आहे त्या हाताला, जाड, हाताला लागेल असा. कोरफड तुम्हीच लावली होतीत. अनसाच्या हाताला असा वण नव्हता. तुमचा अंगठा त्या वणावर थांबला, मग त्याच्यावरून एकदा फिरला, हळू, आणि तुम्ही हात सोडला नाहीत.

तुम्ही कुणाला हाक मारलीत ते मला माहीत आहे. हात कुणाचा धरलात, तेही तुम्हाला माहीत होतं.

ठोका सुरू झाला. दहा दिवस तेवत ठेवलेली पिठावरची पणती मी आता उचलते आणि मधल्या खोलीतलं बटण दाबते. आत्या, मी दिवा लावते.

तुमची,
कौसा